मदत हवी आहे: आवाज न करणारा प्रोसेसर कूलर (घरातलं रेकॉर्डिंग, नागपूरचा उन्हाळा)

नमस्कार मंडळी,

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी घरीच पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सध्या बारावीचा इतिहास चालू आहे. बसते रात्री अकरानंतर, त्याआधी रस्त्याची वर्दळ थांबत नाही. माईक लावायच्या आधी छताचा पंखा बंद, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद, खिडकी बंद. मग खोलीत एकच आवाज उरतो, कॉम्प्युटरचा.

नुसती घरघर असती तर मी इथे आले नसते. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन-तीन सेकंदांची शांतता नमुना म्हणून दिली की एकसारखी घरघर बऱ्यापैकी निघून जाते. पण माझ्या मशीनचा आवाज चढतो-उतरतो. वाक्य संपवून मी श्वास घेते, नेमका तेव्हा 'हूंऽऽ' करत पंखा वर जातो आणि पाच-सहा सेकंदांनी खाली येतो. नमुन्यातला आवाज वेगळा, हा वेगळा, म्हणून सॉफ्टवेअर तो काढू शकत नाही. जोर लावला तर माझाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. ऐकून ऐकून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कानांना असलं काही द्यायचं मला पटत नाही.

मशीन असं: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेला छोटा रेथ स्टेल्थ कूलर, १६ जीबी रॅम (वर उंच पत्रे नसलेली साधी), एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटला मागे १२० मिमीचा एक पंखा.

आवाज कुठला हेही तपासलं. बाजूचं झाकण काढून मागच्या पंख्याची वायर सोडवली, फरक पडला नाही. मग पुठ्ठ्याची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका पंख्याजवळ धरलं. आवाज प्रोसेसरवरच्या पंख्याचाच आहे. खोलीत ३६ अंश असताना नुसतं ब्राउझर उघडलं तरी प्रोसेसर ५४ वरून ७१ वर उडी मारतो आणि पंखा मिनिटाला १,३०० फेऱ्यांवरून २,३०० वर जातो.

बजेट चार हजार. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात १६० मिमी उंचीपर्यंतचा कूलर बसेल असं आहे. प्रोसेसरवर पाणी फिरवून त्याला गार ठेवणारा, पाण्याचा कूलर घ्यावा का? परदेशी परीक्षणांतले आकडे आपल्या उन्हाळ्यात कितपत धरायचे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी फुकटातला उपाय करा. रायझन जरा काम पडलं की क्षणभर वेग वाढवतो, तापमान एका सेकंदात पंधरा-वीस अंश चढतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख, उघडा. ७५ अंशांपर्यंत एकच वेग ठेवा आणि त्यापुढे चढ द्या. वेग बदलायला काही सेकंद उशीर लावायची सोय बऱ्याच मदरबोर्डांत असते, तीही चालू करा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे ७५ ला घाबरू नका.

तरीही मोठा कूलर घ्याच. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मोठं हीट सिंक (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि १२० मिमीचा पंखा असला की तेच काम कमी फेऱ्यांत होतं, सगळी किमया एवढीच. १६० मिमीत डीपकूल एके४०० (१५५ मिमी) आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई (१५५ मिमी) दोन्ही बसतात. नॉक्टुआचा एनएच-यू१२एस १५८ मिमीचा आहे, छान आहे, पण त्याची किंमत तुमच्या बजेटबाहेर जाईल. त्यांचा एनएच-डी१५ तर १६५ मिमी, तो बसणारच नाही. तुमच्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला एके४०० पुरून उरतो.

पाण्याचा नको. त्यातला पंप सतत चालतो, आणि त्याची बारीक गुणगुण माईक पकडतो.

परीक्षणांचं म्हणाल तर खोलीचं तापमान बघा. त्यांची खोली २३ अंश आणि तुमची ३८, तर त्यांच्या आकड्यात सरळ १५ मिळवा. हवेवरचा कुठलाच कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त जुना कूलर काढताना जपा, माझे हात यात पोळले आहेत. तुमचा प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या खाचेत) बसतो त्या एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो. माझ्या तीन पिना वाकल्या होत्या. आधी दहा मिनिटं मशीनला जड काम देऊन पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करा, वायर काढा, चारही स्क्रू सोडवा आणि बरणीचं झाकण फिरवतात तसा कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा.

आणखी एक. ते चार स्क्रू निघाले की बोर्डामागची बॅकप्लेटही (स्क्रू ज्यात बसतात ती पट्टी) सुटते. कॅबिनेट उभं असेल तर ती खाली पडते, म्हणून मागून कुणाला तरी धरायला सांगा. ती जपून ठेवा, नवा कूलर त्याच बॅकप्लेटवर बसतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री कर्व्ह बदलला. ७५ अंशांपर्यंत १,४०० फेऱ्या, उशीर पाच सेकंद. 'फ्रेंच राज्यक्रांती'चं अख्खं प्रकरण वाचलं, चाळीस मिनिटांत पंखा एकदाही चढला नाही. घरघर आहे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पट्टीत, त्यामुळे नमुना देऊन ती काढता आली आणि माझा आवाज शाबूत राहिला.

मात्र प्रोसेसर ७३ पर्यंत गेला होता आणि मे अजून पुढे आहे. म्हणून एके४०० मागवला. रविवारी दुपारी बसवायचा आहे, बॅकप्लेट धरायला लेक थांबणार आहे.