न्यूक्रेस्टचा सौदा: प्रीमियमच्या पलीकडचं गणित

'बाजारभावापेक्षा जास्त किंमत (प्रीमियम) मिळाली, म्हणजे न्यूक्रेस्टच्या भागधारकांचं भलं झालं,' हा निष्कर्ष घाईचा वाटतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्यूमाँटनं न्यूक्रेस्ट ही ऑस्ट्रेलियन सोने-खाण कंपनी विकत घेतली, तेव्हा मोबदला मुख्यतः स्वतःच्या शेअर्समध्ये दिला होता. आधी ०.३८० चं गुणोत्तर (न्यूक्रेस्टच्या एका शेअरमागे न्यूमाँटचे इतके शेअर) नाकारलं गेलं, मग ०.४०० वर मांडवली झाली, शिवाय न्यूक्रेस्टकडून शेअरमागे १.१० अमेरिकी डॉलरपर्यंत विशेष लाभांश.

गोम गुणोत्तरात आहे. ते ठरलेलं असलं की हातात येणारी रक्कम खरेदीदाराच्या भावाबरोबर हलते. न्यूमाँट ४५ डॉलरला असेल तर १८ अधिक १.१०, म्हणजे १९.१०, ३० ला आला तर १३.१०. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूमाँटचा तिमाही लाभांश ४० वरून २५ सेंटवर आणला गेला आणि भाव ३० च्या आसपास घसरला. सोनं मात्र तेव्हा तेजीत होतं!

म्हणून प्रीमियमऐवजी प्रति शेअर सोन्याचा किती औंस साठा उरतो ते मोजा. विकलेल्या कंपनीच्या प्रत्येक शेअरमागचा आधीचा साठा एका बाजूला, नव्या कंपनीच्या प्रति शेअर साठ्याची ०.४ पट दुसऱ्या बाजूला. पण औंस-औंसात फरक असतो. न्यूक्रेस्टच्या कॅडिया खाणीत सोन्याबरोबर तांबंही निघतं. त्याच्या विक्रीचे पैसे खर्चातून वजा होत असल्यानं सोन्याचा औंसमागे एकूण खर्च कमी दिसतो. तांबं पडलं की तोच आकडा फुगतो.

एकत्रीकरणातून वर्षाला ५० कोटी डॉलर वाचतील या न्यूमाँटच्या दाव्याचा फायदाही सगळा न्यूक्रेस्टवाल्यांचा नव्हे, एकत्रित कंपनीत त्यांचा वाटा साधारण ३१ टक्केच.