मुंबईहून कोल्हापूर, चिपी, नागपूर: दारापासून दारापर्यंत किती तास?

मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर सुमारे 310 किलोमीटर. एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हवेत पाऊण तास पुरतो. वेळापत्रकात जास्त दिसतो, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ धरतात. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. रांग लागली की विमान जमिनीवरच ताटकळतं.

आपल्या कामाचा आकडा वेगळा: घराला कुलूप लावल्यापासून गावच्या दारात पोचेपर्यंत किती तास? म्हातारी माणसं, लहान मुलं घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा. आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या ठिकाणासह.

कुडाळ / बोरिवली
सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं. आईचे गुडघे गेलेले, कोकणकन्येतली रात्र तिला झेपेना. पुढच्या गणपतीला तिला विमानाने नेली. एटीआरचं दार मागच्या बाजूला, पायऱ्या मोजक्याच. कठडा धरून ती आपली आपण चढली. पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालच्या खाड्या, वाड्या सगळं दिसत होतं. "ही आपली कर्ली काय रे?" असं सारखं विचारत होती. सकाळी बोरिवलीहून निघालो आणि दुपारचं जेवण गावच्या घरी जेवलो.

नंतर एका पावसाळ्यात मात्र ढग इतके खाली आले की विमान उतरलंच नाही, परत मुंबईला आणलं. आईची औषधं हातातल्या पिशवीत होती म्हणून निभावलं. पावसात जाणार असाल तर दुसरा दिवस मोकळाच ठेवा.

सावंतवाडी / दादर
सहमत. आम्ही आता गोव्यातलं मोपा विमानतळच धरतो. हद्दीपलीकडे लगेच आहे, गाडीवाल्याला आधी सांगून ठेवायचं.

कल्याण
संभाजीनगरला मी विमानाने जात नाही. हवाई अंतर 280 च्या आसपास, पण कल्याणहून विमानतळ गाठण्यातच सकाळ जाते. तपोवन एक्सप्रेस इथेच मिळते, सामानाची तपासणी नाही, मुलं खिडकीशी रमतात.

नागपूर / गोरेगाव
अंतर 680 किलोमीटर, जेटला साधारण दीड तास. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, तेव्हा जाताना लवकर पोचतं, येताना वेळ लागतो. बाबांना रात्री अटॅक आला, सकाळच्या पहिल्या विमानाने मी त्यांच्या खाटेशी पोचलो. विदर्भ एक्सप्रेसने ते जमलं नसतं. तिकीट महाग पडलं, पण त्या दिवशी बाबांनी मला ओळखलं, हात धरला.

पनवेल
25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, आमचा अंधेरीचा हेलपाटा वाचला. तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते नीट बघा. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आयत्या वेळी सांगितलं तर म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं.