दोन्ही ट्रॅक ८ए, बीट पण जुळलाय, तरी बेस बेसूर का वाजतोय?

पौडरोड_१२६:
लोकहो मदत करा. शनिवारी बाणेरला मित्राच्या गच्चीवर छोटा सेट वाजवायचाय, सगळं टेक हाऊस (ठोक्यावर चालणारं डान्स म्युझिक). पहिला ट्रॅक १२४ बीपीएम (मिनिटाला ठोके), दुसरा १२८, आणि डीजे सॉफ्टवेअर दोन्हींची की (पट्टी) ८ए दाखवतंय, डीजेंच्या आकड्यांत म्हणजे ए मायनर, मग डोळे झाकून बसायला हवेत ना? किकवर किक (ड्रमचा मुख्य ठोका) चपखल बसतीये पण दुसऱ्याची बेसलाइन आली की पोटात कसंतरीच होतं, गणपतीत दोन मंडळांच्या स्पीकरच्या मधे अडकल्यावर होतं ना तसं. आधी पहिल्याला ओढून १२८ केलं, मग म्हटलं दोघांना मधे १२६ वर आणू, तरी तेच. मास्टर टेम्पो (टेम्पो बदलला तरी सूर जागेवर धरणारं बटण) बंद आहे, कुठंतरी वाचलं होतं की त्याने आवाज फाटतो.

वाकडी_बेसलाइन:
दोन्ही बेस एकदम चालू ठेवतोस का? येणाऱ्या ट्रॅकचा लो (बेसचा नॉब) पूर्ण खाली ठेव, फ्रेज (गाण्याचा एक तुकडा) संपली की एकाच झटक्यात अदलाबदल कर. १२६ वर १६ बार (चार ठोक्यांचा एक) म्हणजे साधारण ३० सेकंद मिळतात, भरपूर आहेत.

पौडरोड_१२६:
ते करून बघितलं, गढूळपणा गेला पण वरचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची धून) अजून भांडतोयच.

पेटीवाला:
भांडणारच. मी मूळचा पेटीवाला, डीजेगिरी नंतर आली, त्यामुळे पेटीच्याच भाषेत सांगतो. मास्टर टेम्पो बंद असताना टेम्पो वाढवला की लयीबरोबर पट्टी पण चढते, कॅसेट जोरात फिरवल्यावर चढायची तशी. १२४ चं १२८ म्हणजे ३.२ टक्के. आणि एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायला ५.९५ टक्के लागतात. म्हणजे तुझा पहिला ट्रॅक पांढरी सहावरून निघाला आणि काळी पाचला पोचायच्या आधीच अर्ध्या वाटेत लटकला, ५५ सेंटवर (शेजारचा सूर १०० सेंटवर असतो), जिथे पेटीवर पट्टीच नाही. ८ए हा आकडा मूळ टेम्पोचा, तू फेडर (टेम्पोची सरकपट्टी) हलवलास तिथेच तो खोटा झाला. १२६ वर आणून फरक का नाही पडला? एक २७-२८ सेंट वर गेला, दुसरा तेवढाच खाली आला, मधलं अंतर जिथल्या तिथे. मास्टर टेम्पो लाव गपचूप. दीड-दोन टक्क्यांना काही फाटत नाही, दहाच्या पुढे ओढलंस तर मात्र किकची धार जाते.

सदाशिवपेठी_सिंक:
हिशोब बरोबर आहे पण मुळात तो ८ए कोणी ठरवला? सॉफ्टवेअरने, अंदाजाने. टेक हाऊसमधे बेस एका-दोन सुरांवरच ठोकत असतो, गंधारच नसेल तर मायनर की मेजर हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप ए ला लावा आणि ट्रॅकबरोबर ऐका, दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कोणाला करायचं नसतं. आणि गच्चीवर वाजवताय तर दहाला बंद करा, खालच्यांना पण कान असतात.

पौडरोड_१२६:
मास्टर टेम्पो लावून १२६ वर वाजवलं, पहिल्याच फटक्यात बसलं राव!! तानपुरा पण लावून बघितला, दोन्ही खरंच ए निघाले. आता त्याच्यापुढे ९ए चा एक लावायचाय, १२७ चा, व्होकलवाला. चालेल?

पेटीवाला:
८ए ते ९ए म्हणजे ए मायनरवरून ई मायनर, सा वरून पंचमाला सा करणं, सूर एकच बदलतो, एफ चा एफ शार्प. पांढरी सहाला सा धरलास तर कोमल धैवत शुद्ध होतो एवढंच. व्होकल त्याच सुरावर ठाण मांडून नसेल तर बिनधास्त लाव, असेल तर आधीच्याचा सिंथ संपू दे आणि नुसत्या ड्रम्सवर त्याला आत घे.

वाकडी_बेसलाइन:
आणि लो खाली ठेवायला विसरू नको 😄