मदत हवी आहे: स्वतःचाच छापलेला पेपर थीसिसमध्ये घालता येतो का?

नमस्कार मंडळी. माझा पेपर 2023 मध्ये एका परदेशी जर्नलमध्ये आला. कॉपीराइट ट्रान्सफरचा (पेपरचे हक्क प्रकाशकाला देण्याचा) फॉर्म आला तेव्हा गाईड म्हणाले, "कर सही", मी केली. वाचतंय कोण!

आता थीसिस सबमिट करायचाय आणि तो शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) जाणार, म्हणजे जगाला खुला. तिसरं प्रकरण म्हणजे जवळपास तो पेपरच, आकृत्यांसकट.

काल तो फॉर्म उकरून काढला. रिव्ह्यूनंतर स्वीकारलेली माझी वर्ड फाइल 12 महिन्यांनी संस्थेच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात), डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) देऊन टाकता येते. जर्नलचा लोगो असलेली पीडीएफ मात्र कुठेच टाकायची नाही. थीसिसबद्दल एकच ओळ: "अव्यावसायिक वापरास परवानगी". शोधगंगा त्यात बसतं का? की प्रकाशकाकडून लेखी परवानगी घ्यायची? आकृत्या नव्याने काढल्या तर सुटका होईल?

आणखी एक भानगड. सहलेखकाने तीच लोगोवाली पीडीएफ रिसर्चगेटवर (संशोधकांच्या सोशल साइटवर) केव्हाच चढवलीये. काढायला सांगू का? वयाने मोठे आहेत, जरा अवघड जातंय.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. प्रकाशकाला मेल लिहिला असेल तर मजकूरही चालेल.