डिझाइन स्पर्धेत ४८ तासांत चिऱ्याच्या घरातली खोली, तीही जुलैत: नियोजन कसं करावं?

फणसफळी:
एका वाहिनीच्या इंटिरिअर डिझाइन स्पर्धेत आमची दोघांची जोडी पुढच्या फेरीत आहे. शूटिंग मालवणजवळच्या एका जुन्या घरात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. खोली १० बाय १२, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, उंची ९ फूट, वर मंगलोरी कौलं, खाली कोबा. आतल्या गिलाव्याला पायथ्याशी लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलाय. खोलीत आजी झोपणार आणि नातू अभ्यास करणार. वेळ ४८ तास, बजेट ६० हजार. सोबत दोन सुतार, एक रंगारी, एक वायरमन. शूटिंगच्या आधी रेकीला, म्हणजे जागा पाहायला, एक दिवस मिळेल. डोक्यात आहे ते असं: रंगीत भिंत, प्लायचा दिवाण, भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ आणि जमलं तर झोपाळा. पावसात यातलं काय टिकेल? कॅमेऱ्याचं काय सांभाळायचं?

ओळंबा:
अभिनंदन! आधी वाळण्याचा हिशेब करा, डिझाइन त्यात बसवा. ब्रिटनमध्ये बीबीसी टू वर २०१४ ते २०१७ अशीच स्पर्धा चालायची: तीन हौशी डिझायनर, सारख्या प्रकारच्या घरांतल्या तीन खोल्या, ४८ तास आणि हजार पौंड. वेळ तुम्हालाही तितकाच आहे, पण तुमच्या खोलीत हवा ओली असेल. डब्यावर लिहिलेला 'चार तासांनी दुसरा हात' हा कोरड्या हवेचा हिशेब. मालवणात जुलैत तो दुप्पट धरा.

रेकीच्या दिवशी भिंतीवर तीन ठिकाणी फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि कौलांखाली. २४ तासांनी घरमालकांना बघायला सांगा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती नुसती हवेची. टेपच चिकटत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

भिंतीतून ओल असेल तर त्या पट्ट्यावर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन लावू नका. पाणी आतून ढकलतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून गेलं की क्षारांचे खडे फुगतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. शूटिंगच्या दिवशी भिंत सुंदर दिसेल, गणपतीपर्यंत आजींच्या उशीवर पांढरी पूड पडायला लागेल. त्यापेक्षा खालचा तीन फुटांचा खराब गिलावा पाडून चिरा उघडा करा. तारेच्या ब्रशने घासा, कोरड्या झाडणीने पूड काढा आणि तसाच ठेवा. उघड्या चिऱ्यावर वॉर्निश चोपडू नका, ओल अडकून ते दुधाळ होतं आणि सालपटतं.

वरच्या भागाला चुना उत्तम, भिंत श्वास घेते. भिजवलेला चुना फडक्यातून गाळून दुधासारखा पातळ करा आणि भिंतीवर आधी पाण्याचा हबका मारा. रंगासाठी गेरू किंवा पिवळी माती घाला, लोहयुक्त रंग चुन्यात टिकतात. दोन हातांमध्ये एक दिवसाचं अंतर लागतं, त्यामुळे तुम्हाला दोनच हात मिळतील. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, रंग वाळल्यावरच वर येतो. रंगाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरून तिसरा जाड हात मारतो आणि त्याला भेगा पडतात. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्लास्टिकखाली भिंत कोरडी निघाली आणि इमल्शनच मारायचं ठरलं तर हिशेब असा: घेर ४४ फूट गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की साधारण ३५०. दोन हातांसाठी लिटरला सुमारे १३० चौरस फूट धरले तर पावणेतीन लिटर, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरे.

रंधा_पटाशी:
लाकूडकामाचं सांगतो. जुनी खोली कधीच गुण्यात (काटकोनात) नसते. आधी दोन्ही कर्ण मोजा, खरी १० बाय १२ असेल तर १५ फूट साडेसात इंच यायला हवेत. चार इंचांचा फरक निघाला तर दिवाण भिंतीला चिकटवून बसवायचा विचार सोडा. फट कॅमेऱ्यात पहिली दिसते. सुटा दिवाण करा आणि मागे दोन इंच हवा खेळू द्या, बुरशीही धरणार नाही.

प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड घेऊ नका, कडेने पाणी पिऊन पावासारखे फुगतात. सनमायका एकाच बाजूला लावला की प्लाय वाकतो, मागेही पातळ बॅकिंग शीट लावा. झडपांना तीन मिमी फट ठेवा. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ वरही खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात आणि गॅल्व्हनाइज्ड तर फार टिकत नाही. बिजागऱ्या पितळी.

एक चूक हमखास होते. रबरी सोल्यूशन लावून लोक वाट बघतात, त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. वरून सुकलेलं वाटतं, पण सनमायका दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून उचलतो. बोट लावून बघा, गारठा किंवा ओलसरपणा लागला तर पंख्याची हवा देऊन पुन्हा तपासा. पांढऱ्या फेविकॉलचे जोड क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे दिवाणाचा सांगाडा पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जोडून झालाच पाहिजे. चपड्याचं पॉलिश पावसात पांढरं धरतं, मेणपॉलिश करा. जवस तेल वापरलंत तर तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

माल कोल्हापूरहून आणणार असाल तर चार दिवस आधी. दरड कोसळली की करूळ, फोंडा असे घाट बंद होतात. आणि वीज जाणार हे धरून चाला: एक हातकरवत, बॅटरीचं ड्रिल, दोन जादा बॅटऱ्या.

माजघर:
कॅमेऱ्याचं. बारीक रेघांचं कापड टाळा, पडद्यावर त्यात लहरी हलताना दिसतात. पांढरंशुभ्रही नको, तपशील जळून जातो. मळकट सायीचा रंग पांढराच दिसतो. स्वस्त एलईडी पट्टी आणि डिमर लावला की चित्रावर आडवे काळे पट्टे सरकतात. फोनचा कॅमेरा दिव्यावर धरून शटरचा वेग वाढवून बघा, पट्टे दिसले तर तो दिवा परत. दिव्याचा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा, प्रकाश २७०० ते ३००० केल्विन.

उघडा चिरा ठेवलात तर भिंतीपासून आठ-दहा इंचांवर दिवा लावून प्रकाश भिंतीला घासत जाऊ द्या. जांभ्याची छिद्रं, त्यातली पिवळी-तांबडी नक्षी इतकी देखणी उठते की वेगळं चित्र लागत नाही. लावायचंच असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतल्या दशावतारी गंजिफा बघा: गोल पत्ते, दहा रंग, प्रत्येकी बारा. एकच रंग, बारा पत्ते, एका ओळीत. आजींना नातवाशी बोलायला विषय होईल.

पडदे: खिडकी चार फूट रुंद, पडदा सात फूट लांब. दुप्पट चुण्यांना ४८ इंची पन्ह्याचे दोन पट्टे, प्रत्येकी आठ फूट, म्हणजे १६ फूट, पाच मीटरला जरा कमी. सुती आटतं, साडेपाच मीटर घ्या आणि शिवण्याआधी भिजवा. हे एका खिडकीचं.

फणसफळी:
फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या, शेल्फ आणि झोपाळा.

ओळंबा:
शेल्फ चिऱ्यात नको. जांभा मऊ आणि पोकळ, हातोडी मोडवर ड्रिल चालवलं की भोक पसरतं आणि प्लास्टिकचा गुल्ला आत गरगर फिरतो. लावायलाच लागलं तर हातोडी बंद ठेवून नुसतं फिरतं ड्रिल, सांधा सोडून चिऱ्याच्या मध्यात, जाळीच्या नळीत केमिकल अँकर, म्हणजे राळेने चिकटवलेला बोल्ट. तोही पुरता धरल्याशिवाय वजन नाही, आणि वह्या-पुस्तकांचं वजन दिसतं त्यापेक्षा जास्त असतं. 'चेंजिंग रूम्स' या ब्रिटिश कार्यक्रमात जुन्या किटल्यांचा अख्खा संग्रह टांगत्या शेल्फासकट कोसळला होता. तुम्ही जमिनीवर उभं शेल्फ करा, नातवाच्या टेबलालाच जोडून.

रंधा_पटाशी:
झोपाळ्याचा मोह समजतो, पण रेकीत तुळई तपासल्याशिवाय शब्द देऊ नका. पेचकसाने दर फुटावर टोचा, ठोका. भद्द आवाज आला किंवा टोक सहज रुतलं तर वाळवी आहे, विषय संपला. दोन माणसं आणि फळी मिळून १६० किलो धरा. मोठ्या झोक्यात ताण त्याच्या दुप्पट होतो, म्हणून चौपटीचा, म्हणजे साडेसहाशे किलोचा हिशेब ठेवा. खालून आकड्याचा स्क्रू पिळू नका, तंतू फाटून निसटतो. तुळईला वरून वेढा घालून जाड पट्टा आणि साखळी घ्या, आणि झोपाळा तुळईच्या मध्यापेक्षा भिंतीकडे सरकवा. पुढे-मागे प्रत्येकी तीन फूट मोकळे हवेत. दिवाण आणि टेबल ठेवून १० बाय १२ मध्ये ते कुठून आणणार? पडवी चित्रीकरणात धरली आहे का, ते वाहिनीला आजच विचारा. धरली असेल तर झोपाळा तिथे घ्या.