मदत हवी आहे : स्मरणिकेसाठी लिब्रेऑफिस की ओन्लीऑफिस?
नमस्कार मंडळी, बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या डब्याला विंडोज ११ झेपेना, म्हणून त्याऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ती झकास चालतेय. घोडं अडलंय गणेशोत्सवाच्या स्मरणिकेपाशी. लोक विंडोजच्या मंगल फाँटमधल्या वर्डच्या फायली पाठवतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) उघडल्या की फाँट बदलतो, ४० पानांची ४३ होतात आणि काकूंची उकडीच्या मोदकांची कृती जाहिरातीवर चढते! ओन्लीऑफिस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर मुळातच वर्डच्या .docx फायलींवर चालतं, त्यात मांडणी टिकेल का? की रायटरमध्ये नुसता मजकूर तपासून पानं स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावू? स्क्रायबसच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची. नवी कोणी मराठीसाठी वापरली आहे का?