हाफ मॅरेथॉनचा कटऑफ ३:१५, माझा पेस ९. जमेल का?

मंदगती

नमस्कार मंडळी. वय ४७, पळायला लागून दीडेक वर्ष झालं. १० किमीच्या रेस करून झाल्यावर उत्साहाच्या भरात हाफ भरून बसले आहे. रेसला सहा आठवडे आहेत. आतापर्यंतची सगळ्यात लांब धाव १४ किमी.

माझा पेस किमीला ९ मिनिटं. म्हणजे २१.१ किमीला ३ तास १० मिनिटं, आणि कटऑफ, म्हणजे रेस संपवायची मुदत, ३ तास १५. हातात उरतात पाच मिनिटं. त्यात पाणी प्यायचं, लेस सुटली तर बांधायची, टॉयलेटची रांग तर विचारूच नका. चिरंजीव म्हणतात, "आई, तुझ्या मागे अँब्युलन्स आणि अँब्युलन्सच्या मागे रस्ता झाडणारे." शेवटून पहिली आले तरी माझी काही हरकत नाही, पण मुदत चुकली म्हणून गाडीत बसवून आणलेलं मला नको आहे.

तीन शंका:
कटऑफ बंदूक वाजल्यापासून धरतात की मी स्टार्ट ओलांडल्यापासून?
मधेमधे चाललं तर चालतं का? मैत्रीण म्हणते, चाललीस की ती धाव उरत नाही.
मागच्या १० किमीत जीपीएसच्या घड्याळाने १०.२ दाखवलं. रूट चुकीचा मोजला होता का?

सुसाट

रागावू नका, पण ९ चा पेस म्हणजे जरा भरभर चालणंच. आधी १० किमी एका तासात आणा, हाफ पुढच्या वर्षी. नाहीतर माझा एक मित्र त्याच रेसच्या १० किमीतून गळलाय, त्याची बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, घेऊन पळा. कोण बघतंय?

शेपूट

मी रेसमध्ये स्वीप करतो. म्हणजे सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे पळायचं, मागे कुणी राहिलं नाही ना ते पाहायचं. त्यामुळे ताई, तुमचा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे.

आधी सुसाटराव. दुसऱ्याची बिब लावून पळू नये. बिबच्या मागे त्या माणसाचा रक्तगट आणि त्याच्या घरचा फोन नंबर असतो. तुम्ही रस्त्यात कोसळलात तर फोन भलत्याच घरी जातो आणि तुम्ही कोण हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय ४७ वर्षांच्या बाईंची वेळ पुरुषांच्या यादीत चढते ती वेगळीच. आणि हळू पळण्याचं म्हणाल तर १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये जपानचा शिझो कानाकुरी मॅरेथॉन अर्ध्यात सोडून गेला होता. १९६७ मध्ये त्याला परत बोलावून फिनिश लाइन ओलांडायला लावली. वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर २०.३ सेकंद. ताई त्याच्यापेक्षा नक्की आधी येतील.

आता कामाचं. तिसरी शंका आधी घेतो, कारण तुमचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे.

रूट बहुधा बरोबरच होता. प्रमाणित रूट सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणी यंत्र असतं आणि ते आधी पक्क्या मोजलेल्या अंतरावर तपासून घेतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे माणूस पळू शकेल अशा सगळ्यात जवळच्या वाटेने मोजायचं. वर ०.१ टक्का अंतर मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे रूट चुकूनही कमी भरू नये. हाफमध्ये ते साधारण २१ मीटर होतात. आपण काही त्या वाटेने पळत नाही. वळण बाहेरून घेतो, माणसं ओलांडतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो आणि परत येतो. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा सिग्नल आपटून येतो, त्याची भर वेगळी.

म्हणून हाफला तुमचं घड्याळ २१.४ दाखवेल असं धरून चला. घड्याळातल्या ९ च्या पेसने २१.४ किमी म्हणजे ३ तास १२ मिनिटं ३६ सेकंद. तुमच्या पाच मिनिटांतली निम्मी इथेच गेली. रेसच्या दिवशी घड्याळाच्या पेसवर विसंबू नका, रस्त्यावरचा किमीचा बोर्ड आला की एकूण वेळ बघा.

पहिली शंका. कागदोपत्री अधिकृत वेळ बंदुकीपासूनचीच, विक्रम आणि पहिले नंबर तिच्यावरच ठरतात. आपल्यासारख्यांना बिबवरच्या चिपची वेळ मिळते, स्टार्टच्या मॅटपासून फिनिशच्या मॅटपर्यंतची (मॅट म्हणजे रस्त्यावर अंथरलेली, चिप टिपणारी पट्टी). कटऑफचं मात्र रेसनिहाय वेगळं असतं. कुठे पहिल्या बंदुकीपासून, कुठे तुमच्या वेव्हच्या, म्हणजे एकत्र सोडलेल्या गटाच्या, बंदुकीपासून, कुठे शेवटचा माणूस मॅट ओलांडून गेला की तिथून. मागे उभं राहिलात तर मॅटपर्यंत पोचायलाच सात-आठ मिनिटं सहज जातात. आयोजकांना आजच ईमेल करा, आणि मधले कटऑफ आहेत का तेही विचारा. तो प्रश्न बहुतेक लोक विसरतात आणि गाडीत नेमके तिथेच बसतात.

आता चालणं. मैत्रिणीला सांगा, १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेने पळा-चाला पद्धत सत्तरच्या दशकापासून शिकवली आहे. नियमातही पळणाऱ्याने चालू नये असं कुठे नाही. पण चालायचं ते दमल्यावर नाही, पहिल्या पाच मिनिटांपासून. चार मिनिटं ८ च्या पेसने पळा, एक मिनिट ताशी ५ किमीने चाला. सरासरी येते किमीला ८:३४. पूर्ण हाफ ३ तास १ मिनिटात. ८ जड जात असेल तर ८:२० ने पळा, तरी सरासरी ८:५३ आणि हाफ ३:०७. न थांबता ९ ने पळण्यापेक्षा दोन्ही बरे. १४ किमीच्या धावेतच करून बघा, कागदावर सगळंच जमतं.

पहिल्या किलोमीटरला चालायला लाज वाटेल. शेकडो लोक पुढे जातील, त्यातले काही वळून बघतील. जाऊ द्या. मागून मला दिसतं ते असं, की गाडीत बसतात ते हळू सुरुवात केलेले क्वचितच. बसतात ते "पुढे दमू, म्हणून आत्ताच वेळ कमवून ठेवू" म्हणत पहिले ५ किमी साडेसातने गेलेले. सुरुवातीला कमावलेली दोन मिनिटं १५ किमीनंतर दहा मिनिटं घेऊन जातात. पोटऱ्या धरतात, मग चालणंसुद्धा ताशी ५ ने होत नाही. फुटपाथच्या कडेवर बसून एकेकाने मला हे ऐकवलंय, आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपल्या एकट्याचंच झालं.

सहा आठवडे भरपूर आहेत. लांब धाव १४ वरून १६ आणि १८ पर्यंत न्या, मधला एखादा आठवडा हलका ठेवा. रेसच्या तीन आठवडे आधी १८ झाली पाहिजे. नंतर अंतर उतरवत आणायचं. २१ आधी पळून बघायची गरज नाही, ते रेसमध्येच होईल. शूज, मोजे, ब्रा यातलं काहीही त्या दिवशी कोरं नको. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा.

पांढरा कोट

शेपूटरावांनी सगळं सांगितलं, पाणी राहिलं. मी रेसच्या वैद्यकीय तंबूत ड्यूटी करते. हळू पळणाऱ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की प्रत्येक टेबलावर ग्लासभर पाणी प्यायचंच. तीन तासांत टेबलं खूप लागतात. पाणी गरजेपेक्षा जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि आजूबाजूचे "डिहायड्रेशन झालंय" म्हणत त्याला अजून पाणी पाजतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेले यांना धोका जास्त होता. तुमचे तीनच तास आहेत, पण सवय आत्ताच लावा. तहान लागली की दोन-चार घोट. सरावाच्या लांब धावेआधी आणि नंतर वजन करून बघा. वाढलेलं दिसलं तर पिणं कमी करा.

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल किंवा पळताना छातीत कधी दुखलं असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटून या. हे वयामुळे म्हणत नाहीये, मी विशीतल्यांनाही सांगते.

सुसाट

बिबचं पटलं. मागे नंबर असतो हे डोक्यातच आलं नव्हतं. पेसबद्दलचं मत तेच आहे.

मंदगती

सगळ्यांचे आभार, सुसाट यांचेसुद्धा. त्यांच्या "भरभर चालणंच" मुळे या रविवारी चिडून छान पळाले.

४-१ करून पाहिलं. ८ ने पळणं १० किमीपर्यंत बरं गेलं, नंतर फुप्फुसं बाहेर यायला लागली. ८:२० ने जमेलसं वाटतं. चालताना एक आजोबा थांबून विचारत होते, "बरं वाटत नाही का बाळ?" बाळ!

आयोजकांचं उत्तर आलं. कटऑफ आपापल्या वेव्हच्या बंदुकीपासून, आणि १५ किमीला मधला कटऑफ आहे, २ तास २० मिनिटं. म्हणजे किमीला ९:२० चालेल. तिथे तर मी आरामात पोचते, नाही का?

शेपूट

पोचता, पण त्या ९:२० ला भुलू नका. २:२० ला बरोबर १५ किमीवर पोचणाऱ्याकडे उरतात ५५ मिनिटं आणि जायचं असतं ६.१ किमी. म्हणजे किमीला ९:०१, दमलेल्या पायांनी. जे १५ ला काठावर सुटतात त्यांतले बरेच १८ च्या आसपास मला भेटतात.

तुमच्या ८:५३ ने १५ किमीला घड्याळात २:१३ दिसायला हवेत. हे चिपचे. बंदूक वाजल्यापासून तुमच्या वेव्हला मॅटपर्यंत जायला तीन मिनिटं लागली तर रस्त्यावरच्या घड्याळात २:१६. ते पाहून घाबरून पळत सुटू नका, आपलं घड्याळ बघा. स्टार्टला वेव्हच्या मागे न राहता मधे उभ्या राहा, कडेला, म्हणजे चालताना कुणाच्या पायात येणार नाही. चालायच्या आधी एक हात वर करायचा, मागच्याला कळतं.

५ किमीला ४४:२५, १० ला १:२८:५०, १५ ला २:१३:१५. हे तीन आकडे पेनाने मनगटावर लिहून ठेवा. बॉलपेनने, शाईचं घामाने जातं. ५ ला ४३ च्या आत दिसलात तर एक मिनिट जास्त चाला.